अक्काचा दुसरा फोटो

अक्का म्हणजे माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण. पण तिला आत्या म्हणून हाक मारल्याचं मला आठवत नाही. अण्णा म्हणायचे अक्का, आई म्हणायची अक्का, म्हणून मीही अक्का, आणि पुढं पुढं नारायणगावची सगळी पेठच अक्का म्हणायला लागली. अण्णांचा फोटो स्टुडिओ आमच्या घराच्याच पुढच्या खणात होता. मध्ये एक जाड पडदा. पडद्याच्या अलीकडं चूल आणि पलीकडं दिवे. आईनं मासवडीचं सारण परतायला घेतलं की तिळा-खोबऱ्याचा वास पडद्याखालून पलीकडं जायचा आणि फोटोला बसलेली बाई ओठांवरून जीभ फिरवायची. मग अण्णा तिकडून म्हणायचे, "झाकण ठेव गं, पावणीचं ध्यान उडतंय." आईचं उलट म्हणणं असं की फोटो धुवायच्या औषधाचा वास तिच्या वरणाला लागतो. दोघांचंही खरं होतं. मी मोठी झाले ती या दोन वासांच्या मधोमध. नळाचं पाणी, एका बाजूला कललेल्या पंख्याची खडखड आणि दिवे मालवल्यावर निवताना होणारी त्यांची बारीक टकटक, हे आमच्या घरातले आवाज.

रंगीत फोटो आले तशी तरुण पोरंपोरी तिकडं पळाली. समोरच्या ओळीत एक नवा स्टुडिओ निघाला, त्यात छत्रीसारखे दिवे, पाठीमागं धबधब्याचं चित्र, आणि फोटो पुण्याहून धुवून यायचे. अण्णांना रंगीत फोटो म्हणजे भेळ वाटायची. ते काळ्यापांढऱ्यालाच धरून राहिले आणि आमच्या वाट्याला राहिल्या म्हाताऱ्या. खोडदच्या, आणे गावच्या, महाळुंगे पडवळच्या. बाजाराला आलेली मुलं आयांना घेऊन यायची आणि म्हणायची, "आयचा एक बरा फोटू काढून ठेवा अण्णा." कशासाठी, ते कुणी बोलायचं नाही, पण दहाव्याला हार घालायला घरात फोटो लागतो हे त्या आईलाही कळत असायचं. अण्णा चिडायचे. म्हणायचे, "माणूस जित्तं हाय तवर जित्त्यासारखा फोटू काढू की राव." मुलगा चहाला बाहेर गेला की त्या बायका अक्काजवळ हळूच बोलायच्या. लग्नात फोटो निघाला नव्हता. पोरवयात यात्रेच्या तंबूत जमिनीवर बसून सिनेमा पाहिला होता, त्यातल्या बाईचा तोंडभर उजेडाचा चेहरा अजून डोळ्यांपुढं होता. "तसला निघंल का ओ आमचा?" असं विचारताना त्यांची मान खाली असायची.

म्हणून आमच्याकडं प्रत्येकीचे दोन फोटो निघायचे. पहिला मुलासाठी. त्यात पदर डोक्यावर, हात गुडघ्यांवर आणि चेहरा कोर्टात उभं केल्यासारखा. दुसरा तिचा स्वतःचा. त्यात पदर खांद्यावर यायचा, मान जराशी वळायची आणि नजर कुठंतरी वर जायची. हा दुसरा फोटो कागदात गुंडाळून तिच्याच हातात द्यायचा, मुलाला दाखवायचा नाही, आणि बाहेरच्या काचेच्या कपाटात तर कधीच लावायचा नाही, हा अण्णांचा शब्द होता. तो शब्द पंचक्रोशीत पोचला होता म्हणून तर बायका येत होत्या. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांच्या घडीत असे किती दुसरे फोटो पडले असतील देव जाणे. आज माझी सून फोन तोंडासमोर धरते आणि एका बोटानं सुरकुत्या घालवते. मी तिला म्हणते, बाई, आमच्याकडं याला अख्खी दुपार जायची.

कारण तो फोटो काढणं हे कामच होतं. मोठा दिवा समोरून, डोक्याच्या बराच वर, आणि त्याच्यापुढं जुन्या धोतराचं पातळ फडकं ताणलेलं, म्हणजे उजेड सांडल्यासारखा खाली यायचा. नाकाखाली इवलीशी सावली पडली की अण्णा म्हणायचे, "बसलं." दुसरा बारका दिवा मागून केसांवर. तिसरा भिंतीवर. फडकं दिव्याच्या फार जवळ गेलं की पेटायचं, आणि एकदा तर आण्याच्या एका बाईनं बसल्याजागी तांब्याभर पाणी फेकून ते विझवलं आणि पुन्हा तशीच मान वळवून बसली. बाकी सगळं अक्काचं. परक्या बाईच्या तोंडाला अण्णा हात लावणार नाहीत. अक्का केस ओले करून मागं असे ताणायची की कपाळ वर चढायचं. म्हणायची, "सुरकुत्या बांधून टाकल्या बघ अंबाड्यात." पापण्यांवर एरंडेलाचं बोट, घरचं काजळ, गळ्याच्या वळ्यांवर खोट्या मोत्यांची चार पदरी माळ. आणि तोंडानं सारखं बोलणं. लहानपणी कुणाच्या बोरी झोडपल्या, नदीत कोण बुडता बुडता वाचलं, असं काहीतरी ती उकरून काढायची. बाई हसली की अक्का बाजूला सरायची आणि अण्णा बटण दाबायचे. दिवा अण्णांचा, पण चेहरा अक्का लावायची, असं मी आज म्हणते. तेव्हा कुणी म्हणत नव्हतं.

फक्त एक काम तिचं नव्हतं. सगळी तयारी झाली की अक्का हात पुसून मागं व्हायची आणि हाक मारायची, "मंदे, ये." मग मी आतून यायची आणि त्या बाईच्या कपाळावर मधल्या बोटानं कुंकू लावायची. अक्का विधवा होती. सवाष्णीला तिच्या हातचं कुंकू चालत नाही. अक्काच्या हातची तोंडभर पावडर चालणारी बाई तेवढ्या एका बोटाला मात्र दचकली असती. मला त्या वयात हा माझा मोठा मान वाटायचा. मी मैत्रिणींना सांगायची की माझ्याशिवाय आमच्याकडं फोटोच निघत नाही. बावळटासारखी सांगायची. शेजारी उभी राहून अक्का हे ऐकत असायची, हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

अक्का आण्याला दिलेली होती. ऐन उमेदीत नवरा गेला. सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलं आणि चार वर्षांचा मुलगा ठेवून घेतला, वंशाचा दिवा आमचा म्हणून. दत्तू त्याचं नाव. आधी तो सुट्टीत यायचा, मग दिवाळीत एखादा दिवस, मग तेही विरळ झालं. आला की अक्का नुसती त्याच्या पुढ्यात ताट सरकवायची आणि तो जेवेपर्यंत दाराला टेकून उभी राहायची. त्याचं लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी तिनं सगळ्या पेठेत गूळ वाटला. आई म्हणाली, "अक्का, आता मिरवून घ्या." तर म्हणाली, "मी काय पुढं पुढं करायची न्हाई गं. मागच्या खोलीत बसंन. मुंडावळ्या बांधलेला तेवढा बघंन आन येईन." एवढंच तिचं मागणं होतं. त्या दिवसांत दुसरं काही तिच्या तोंडी नव्हतं.

आणि त्याच दिवसांत अण्णांना ती अवदसा आठवली. समोरच्या स्टुडिओनं रस्त्याच्या कडेला माणसाएवढा रंगीत फोटो लावला होता आणि येणारा-जाणारा तिथं थांबायचा. आमच्या कपाटात काय, तर पासपोर्टचे नमुने आणि एक पिवळं पडलेलं बाळ. अण्णांचं खरं काम सगळं लोकांच्या ट्रंकांत. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दिवे लावायचे असले की अक्का नेहमीच गिऱ्हाइकाच्या जागी स्टुलावर बसायची, हातात निवडायची भाजी घेऊन. अण्णा म्हणाले, "अक्का, आज नीट तयार हून बस. नवा दिवा आणलाय, केसांवर कसा पडतोय ते बघू." अक्का म्हणाली, "भाजीवर पडतोय तसाच पडंल." पण आईनंही मस्करीत हट्ट धरला, मीही नाचले. आईनं तिचे केस बांधले, आपलं जरीचं लुगडं नेसवलं, नथ दिली, हिरव्या बांगड्या भरल्या. आणि अण्णा म्हणाले, "कुंकवाबिगर त्यो चेहरा पुरा हुत न्हाई. फोटूपुरतं." अक्का म्हणाली, "कुणाला दावणार न्हाईस. शपथ घे." अण्णांनी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. आणि कुंकू लावलं मी.

तो फोटो मी आजही तसाच सांगू शकते. अक्कानं मान वळवली नाही, वर पाहिलं नाही, काही केलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं सगळं तिनं स्वतः सोडून दिलं आणि सरळ दिव्याकडं पाहिलं. अण्णांच्या मागं आई काहीतरी बोलली आणि अक्का हसायच्या आधी तिच्या गालात जे हललं, तेवढ्यात बटण दाबलं गेलं. अंधारखोलीत कागदावर चेहरा वर यायला लागला तेव्हा अण्णा मला म्हणाले, "मंदे, ह्यो माझ्या हातनं निघालेला फोटू हाय व्हय?" मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस आता शब्द पाळणार नाही.

त्यांनी तो मोठा करून काचेच्या कपाटात लावला. अक्का पुढच्या दारानं कधी बाहेर पडायचीच नाही, मागच्या बोळातून जायची, त्यामुळं सगळ्या पेठेनं पाहिला तरी तिला पत्ता नव्हता. मी कॉलेजला जाताना पहिल्याच दिवशी पाहिला. मला शपथ ठाऊक होती. आईलाही होती. पण फोटोपुढं माणसं थांबत होती, समोरच्या स्टुडिओचा मालकसुद्धा रस्ता ओलांडून बघून गेला, आणि आमच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आम्ही तिघं एका घरात राहत होतो, एका पंक्तीला जेवत होतो, आणि वाढणाऱ्या अक्काला कुणी सांगितलं नाही.

बाजारच्या दिवशी आण्याची माणसं आली होती. दुसऱ्या सकाळी दत्तू आला, बरोबर त्याचा चुलता. चुलता पायरीवरच राहिला. दत्तू आत आला, पण बसला नाही. म्हणाला, "मामा, माझा बाप मेलाय. सगळ्या गावाला म्हाईत हाय. आन हितं माझी आई कुंकू लावून रस्त्यावर बसलीय. सोयऱ्यांनी इचारलं तर मी काय सांगू?" आवाज आत गेला आणि अक्का पिठाच्या हातानं पडदा सारून बाहेर आली. तिला आधी काही कळेना. मग ती कपाटापाशी गेली आणि स्वतःचा फोटो तिनं पहिल्यांदा पाहिला, तोही आतल्या बाजूनं, कपाटात वाकून, पोरासमोर.

अण्णांनी एवढंच म्हणायचं होतं की तिला माहीत नव्हतं. शपथ त्यांनी घेतली आणि त्यांनीच मोडली. दहा शब्दसुद्धा लागले नसते. ते म्हणाले, "आरं, नुसता दिव्याचा नमुना हाय त्यो." आणि मग घाईघाईनं, "कुंकू काढून देतो. आत्ता काढतो. कळणार पण न्हाई." हे आमच्याकडचं रोजचं काम होतं. कुणाचा नवरा गेला की घरची माणसं तिचा जुना फोटो घेऊन यायची आणि अण्णा पात्याच्या टोकानं कुंकू खरवडून वर रंगाचा हात द्यायचे. त्यांनी खरंच पातं हातात घेतलं. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. एकदा पुसलंय माझं. कागदावरचं पुसण्यापरीस फाडून टाक." दत्तू खाली बघत म्हणाला, "तू लग्नाला येऊ नगं." आणि गेला. मी पडद्याला धरून उभी होते. आई चुलीपाशी होती. कुणाच्याही तोंडातून, दत्तू थांब, असं निघालं नाही. अण्णांनी फोटो काढून घेतला, तो फाडला मात्र नाही, कुठं ठेवला ते मला ठाऊक नाही.

अण्णांना कधीतरी मी विचारलं होतं, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात. का बोलला नाहीत? म्हणाले, "पोरापुढं माझं नाक जाईल असं वाटलं." मग भिंतीकडं वळले. इतकं साधं कारण. आणि माझं तर तेवढंही नव्हतं.

लग्नाला आम्ही गेलो. नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा लागतो, त्यावाचून चालत नाही. अण्णा आदल्या दिवशी म्हणाले खरे की मी जात नाही, पण अक्काच म्हणाली, "मामा न्हाई दिसला तर लोक त्या पोराला काय म्हंतील? जा तू." म्हणजे ज्यानं केलं त्याला फेटा आणि मानाचा नारळ, आणि ती घरी. वरमाई म्हणून दत्तूची चुलती मिरवत होती. पंक्तीत आण्याची ती नावाजलेली आमटी मी दोनदा मागून घेतली. चांगली होती, काय करू. घरी आल्यावर अक्कानं विचारलं, "मुंडावळ्या फुलांच्या व्हत्या का मोत्याच्या?" अण्णा पाठीशी उभे होते, त्यांना दिसल्या नव्हत्या. "मोत्यांच्या," मी म्हणाले. अक्का "बरं" म्हणाली आणि आमची ताटं घेतली.

मामाकडून जोडफोटो, हे आहेरातच ठरलेलं होतं. म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी दत्तू नव्या नवरीला घेऊन आला. टाळता आलं असतं तर त्यानं टाळलं असतं, पण नवरीला फोटो हवा होता. अक्का पडद्याआड चुलीपाशीच थांबली. आईनं नवरीचा पदर लावायला घेतला. तो काही केल्या बसेना, आणि अण्णा सवयीनं बोलून गेले, "अक्का, बघ गं जरा." बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. पडदा हलला आणि अक्का आली. तिनं दत्तूकडं पाहिलं नाही. दातांत पिना धरल्या, नवरीच्या पदराच्या निऱ्या मोडून पुन्हा घातल्या, केसांची बट मागं नेली, हनुवटीला बोट लावून चेहरा इकडून तिकडून निरखला. मग तोंडातल्या पिना काढून अण्णांना हळूच म्हणाली, "नाक बसकं हाय. मोठा दिवा जरा डावीकडनं घे." अण्णांनी दिवा सरकवला. नाक खरंच सरळ दिसायला लागलं.

नवरी मला दबक्या आवाजात म्हणाली, "ह्याच का ओ सासूबाई?"

मी उत्तर देणार होते. निदान मला तसं वाटतं. पण दत्तूनं ऐकलं होतं. घड्याळाचा पट्टा चाचपत तो म्हणाला, "न्हाई. आई गावाला गेलीय."

पंखा खडखडत होता. अण्णा कॅमेऱ्यामागं काळ्या फडक्यात डोकं घालून वाकलेले होते, ते तसेच राहिले. आईनं भिंतीकडं तोंड केलं. मी नवरीच्या गजऱ्याचं एक टोक उगाच नीट करत राहिले. आम्ही तिघं होतो, तिघांना बोलता येत होतं. अक्का म्हणाली, "दिव्याकडं बघ, पोरी. डोळं मोठं कर." आणि बाजूला झाली. फोटो चांगला आला, असं म्हणतात. मी तो कधी पाहायला मागितला नाही.

निघताना दोघं जोडीनं अण्णांच्या पाया पडले, आईच्या पडले, आणि दत्तू लगोलग मोटारसायकल काढायला बाहेर गेला. नवरी चपला घालता घालता थांबली, मागं आली आणि अक्काच्या पायाशी वाकली. वयानं मोठी बाई म्हणून वाकली असेल. अक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो उचललाच नाही. म्हणाली, "सुखी ऱ्हा. त्याला दुधात भाकरी कुस्करून देत जा. साखर नगं घालू, त्याला गूळ लागतो."

"ते दूध पीतच न्हाईत," नवरी वाकल्या वाकल्या सहज म्हणाली. मग हळूहळू मान वर करून ती अक्काच्या तोंडाकडं पाहायला लागली.

बाहेर हॉर्न वाजला. अक्कानं हात काढून घेतला.

"जा," ती म्हणाली, "थांबलाय त्यो."